खारट चहा निमूट पिणाऱ्यांस काही नाही

मी, कांचन प्रभाकर मुळावकर, वय ७४, राहणार आनंद नगर, भोपाळ, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. मला स्मृतिभ्रंश सुरू झाला आहे, म्हणूनच आज लिहिते. मला आज सगळे समजते असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शंका असेल त्याने तो वाचावा, माझ्या पाठीवरून हात फिरवू नये.

१. नर्सिंग कॉलेजच्या मुली दर गुरुवारी माझ्या घरी येतात. हा आजार घेऊन कसे जगायचे, ते मी त्यांना शिकवते. मुलगा अंबरीश म्हणतो, "आई, लोकांपुढे शोभा कशाला?" जन्मभर रसायनशास्त्र शिकवले तेव्हा याला शोभा दिसली नाही.

२. पहिल्याच तासाला माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडले. सगळ्या मुली छान छान म्हणत प्यायल्या. एकट्या सोनाली अहिरवारने कप खाली ठेवला. "मॅडम, चाय में नमक है. चलिए, दोबारा बनाते हैं." दोघींनी मिळून केला, आधण मीच ठेवले. बाकीच्यांना सुनावले, की दयेपोटी प्यालेला चहा मला आणखी एकटे पाडतो. माझे चहाचे पितळी पातेले सोनालीला द्यावे.

३. मी समोर बसलेली असताना एका डॉक्टरांनी अंबरीशला विचारले, "माताजी खाना खाती हैं?" मीच सांगितले, "खाती हूँ. सुनती भी हूँ." त्यांच्यासाठी काही ठेवलेले नाही.

४. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते अंबरीशला मिळावे. अट एकच: मी जिवंत असेपर्यंत गुरुवारचा तास बंद पडू नये. मुलींना ओळखले नाही, त्यांच्यावर ओरडले, साडी धड नेसता आली नाही, तरीही. पुढचा धडा तोच आहे. त्याने दार लावल्यास घर मुलींच्या वसतिगृहासाठी कॉलेजला जावे. अट पाळली की नाही, हे मला दाखला देणाऱ्या डॉ. श्रुती बक्षी ठरवतील. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्याच करतील.

५. वरच्या चार कलमांची प्रत आजच अंबरीशच्या हातात दिली. वाचून म्हणाला, "आई, तू हे उद्या विसरशील."

विसरेन. म्हणून तर प्रत त्याच्याकडे दिली. परवा गुरुवार आहे. दार त्याने उघडावे.

हे मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

कांचन प्रभाकर मुळावकर

साक्षीदार:
डॉ. श्रुती बक्षी
गोविंद वानखडे, शेजारी

भोपाळ, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५