आदल्या दिवशीची सर

१८ जुलै, नांदेड
गावच्या नाल्याचं संगणकावरचं मॉडेल आज पहिल्यांदा नीट चाललं. गेल्या वर्षीचा तो दिवस घातला. आबा नळकांडी पुलावरून वाहून गेले तो. जवळच्या अहमदपूरच्या पर्जन्यमापकावरचा पाऊस, आपली काळी माती, तिच्या भेगा. भेगांनी सगळा पाऊस पिऊन टाकला. नाल्याला पाणीच नाही. म्हणजे हिशेबात आबा चालत घरी आले. मी खोलीचं दार लावून रडले.

१९ जुलै
गाव तरी दुसरं काय म्हणतं? घोट्याएवढं पाणी, पिऊन पडला असंल. आबांनी दारू सोडून वर्षं झाली होती, पण नाव लागलं ते लागलंच.
आईचा फोन. "आबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला चार लोकांत उभी राहून सांग, पाणी लई होतं म्हणून. तू त्याच्यातच शिकून राहिलीस न्हवं?"

२४ जुलै
आदल्या दिवशी गावात मोठी सर झाली असेल तर? माती फुगते, भेगा मिटतात, मग पडेल ते सरळ नाल्यात. तसं घालून पाहिलं. पुलावर छातीएवढं पाणी, तेही अचानक. आबांचा काही दोष नाही.
गाइड सर म्हणाले, "ही सर आणली कुठून?" अहमदपूरला नोंद नाही, गावात मापक नाही. "हे मातीसाठी केलंस की वडिलांसाठी?" राग आला.

२ ऑगस्ट, गावी
आईला आधी काही न सांगता विचारायचं, असं बसमध्ये पक्कं केलं होतं. जेवताना तोंडातून निघून गेलंच, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर आबांवरचा बोल जातो.
"झाला की. लई झाला."
"खरंच आठवतं का, आई?"
"तू म्हणशील तवा झाला."
माझंच चुकलं. आता तिला काय विचारणार.

३ ऑगस्ट
शेजारची काकू आपणहून आली. "हाव, पडला होता पाऊस. तुझी माय सांगून राहिली ना." संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला तो पाऊस आठवला. आई कितीतरी दिवसांनी हसली. मला बघवेना.

९ ऑगस्ट, सकाळी
मंडप घातलाय. भंतेजी आले. आबांना पिदाड म्हणणारे मागच्या सतरंजीवर बसलेत. वंदना झाली की आई मला उठायची खूण करील. काय बोलू, अजून ठरत नाही.
आबा, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का हो?