क्षमेशिवाय घेतलेलं नाव

१२ सप्टेंबर १९९४
पाळकांच्या विद्यालयात पोहोचलो. खोली लहान, पण शेगडी छान तापते आणि खिडकीत अक्रोडाचं झाड आहे. खोलीतला सोबती बेनेडेक म्हणाला, एवढा बुटका पाळक व्यासपीठामागून दिसायचा कसा रे, पायाखाली पेटी ठेवू या. जेवायला आलुबुखाराचे उंडे होते, तीनदा वाढून घेतले. बाकोश सर स्वतः भेटायला आले. तुझे बाबा माझ्याच बाकावर बसायचे, काय गळा होता, म्हणाले. मी हसून हात मिळवला.

३ ऑक्टोबर
सर आम्हाला निरोप शिकवतात. दफनाच्या वेळी पाळक मृताच्या वतीने बोलतो. एकेकाचं नाव घेतो, क्षमा करतो, मग शवपेटी खाली जाते. बेनेडेकची आजी म्हणते, नाव घेऊन क्षमा केली नाही तर मेलेला त्या माणसाला न्यायला येतो.
बाबांना निरोप मिळाला नाही. वर्गमित्राने पोलिसांकडे चुगली केली, बाबांना इथून काढलं, पुढे त्यांनी नदीत जीव दिला. जीव देणाऱ्याला तेव्हा निरोप नसे.
तो वर्गमित्र म्हणजे बाकोश सर. मी इथे त्यासाठीच आलो.

१७ ऑक्टोबर
सराव म्हणून बाबांचा निरोप लिहिला, वर्गात वाचला. आईला क्षमा. मला क्षमा. शेवटी सरांचं पूर्ण नाव. थांबलो. सर म्हणाले, पुढचं वाक्य राहिलं, बाळा. मी म्हणालो, राहिलं नाही, सर.
मी उभा होतो तिथे फरशी ओली झाली होती.

२० ऑक्टोबर
भर दुपारी सरांचा झगा ठिबकत होता. त्यांनी मला जिन्यात गाठलं. तुझ्या बाबांच्या वतीने क्षमेचे दोन शब्द बोल, म्हणाले, पाया पडतो. मी म्हणालो, बघू. आज जेवण गोड लागलं.

२४ ऑक्टोबर
सर प्रार्थनागृहात सापडले. कोरड्या फरशीवर. फुप्फुसांत नदीचं पाणी, गाळासकट. निरोप मी बोलावा, अशी त्यांची चिठ्ठी होती.

२६ ऑक्टोबर
लिहिलं तसंच बोलत होतो. बायकोला क्षमा. मुलीला क्षमा. मग आवाज माझा राहिला नाही, सरांचा झाला. त्याने माझं नाव घेतलं — पूर्ण. आणि थांबला. सगळे वाट बघत होते. जबडा हलेना. शवपेटी उतरवली.

२७
वही ओली. बेनेडेकला म्हटलं, सरांच्या वतीने तू बोल, दोनच शब्द. तो म्हणाला, वेड्या, निरोप एकदाच —
उंबऱ्यात झगा ठिबकतोय. बाबांना हाक मारली. आले. सरांच्या शेजारी उभे आहेत, खांद्याला खांदा, एका बाकावरचे —
सर, बाबांच्या वतीने मी तुम्हाला क्ष