मधल्या खोलीची कवेलू

५ मे १९७४, रविवार.
निश्चय. यंदा मधल्या खोलीच्या छपरावरची मातीची कवेलू मी स्वतः फेरणार. दरवर्षी पावसाळ्याआधी लहानू येतो, कवेलू उतरवतो, फुटकी फेकतो, हाताला येईल ते कवेलू दिसेल त्या जागी बसवतो. नंबर नाही, नोंद नाही. मग गळेल नाही तर काय होईल? आज सकाळी विचारायला आला होता. परत पाठवला.
रेकॉर्ड सेक्शनमध्ये एकवीस वर्षं आहे. जी फाइल जागच्या जागी जाते, ती कधी त्रास देत नाही. प्रत्येक कवेलूवर नंबर घालायचा, उतरवायचं, धुवायचं आणि त्याच जागी परत. दोन रविवार पुरे.
चारू २५ तारखेला कामठीहून येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ते माझ्या छपराखाली, कोरड्या खोलीत व्हायला हवं. सौ. म्हणाली, "कवेलू काय फाइली होय का जी?"

८ मे.
ऑफिसातून खडू आणले. रजिस्टर आखलं. रकाने: ओळ, क्रमांक, स्थिती, शेरा. अक्षर सुंदर आलं. काम अर्धं झाल्यासारखंच आहे.

१२ मे, रविवार.
पहाटे साडेपाचला वर चढलो. आठला कवेलूवर हात ठेववेना. बेचाळीस उतरवली. सहा माझ्या पायाखाली फुटली. कमकुवत होती, वेळेवर कळलं ते बरं. शेरा: "बाद."
शेजारचे मनोहरराव त्यांच्या स्लॅबवर उभं राहून चहा पीत होते. म्हणाले, "उतरा ना जी खाली, लू लागंन." स्लॅबवाल्यांना काय कळणार.

१५ मे.
लू लागली. तीन दिवस कॅज्युअल लीव्ह. कैरीचं पन्हं, खिशात कांदा.

१९ मे, रविवार.
मधली खोली पूर्ण उतरवली. सहाशे अकरा कवेलू अंगणात. खालच्या बांबूंना वाळवी आहे, पण वरवरची. सुतळीने बांधले.
दुपारी कवेलू धुवायला घेतली. दोनशेच्या आसपास धुतल्यावर लक्षात आलं की नंबरही जात आहेत. सरकारी खडूची क्वालिटी पूर्वीसारखी राहिली नाही.

२२ मे.
बसवायला सुरुवात. पहिली ओळ, एकोणीस कवेलू, तीन तास. नंबर शोधण्यातच वेळ जातो. बिननंबरची वेगळी काढून ठेवली आहेत. सौ.ने विचारलं, ती वर काहून नाही टाकत? बेवारस फाइल कुठेही खोचता येत नाही, हे तिला कसं समजवायचं?

२५ मे.
चारू आली. मधल्या खोलीत गादीवर टेकली, वर पाहिलं. म्हणाली, "बाबा, इथून घार दिसून राहिली." हसली. मीही हसलो.
डॉक्टरांनी जूनचा दुसरा आठवडा सांगितला आहे. म्हणजे भरपूर वेळ आहे. तोवर ताडपत्री बांधली. माझी गाठ सुटत नाही.

२८ मे, संध्याकाळी ६.
चारला वादळ. आधी धूळ, मग वारा, मग गारा. ताडपत्री मनोहररावांच्या स्लॅबवर गेली. गाठ सुटली नाही, बांबूच तुटला. स्वयंपाकघरावरचीही पुष्कळ कवेलू उडाली. सौ.ने चार महिने शिवलेली दुपटी, झबली, सगळं चिंब.
मनोहररावांच्या इंदुताई डोक्यावर सूप धरून आल्या आणि चारूला हाताला धरून घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही बी या जी." मी उरलेल्या ताडपत्रीच्या तुकड्याचं एक टोक धरून उभा होतो. कशासाठी, सांगता येत नाही.

३० मे.
लहानूकडे गेलो. बारा जूनपर्यंत दुसऱ्यांची घरं घेतलेली. त्याला पद्धत समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "सायेब, कवेलू जागच्या जागी ठेवलं, त पाणी बी जागच्या जागीच गळन ना. जागा बदलासाठीच त फेरतो आमी."
हे रजिस्टरमध्ये लिहिलं नाही.

८ जून.
काल दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. डोळे चारूसारखे. फार आनंद झाला, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

१० जून.
आज चारूला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. ओवाळायला भाकरतुकडा घेऊन मी आमच्या दारात उभा राहिलो. सायकलरिक्षा आमच्या दारावरून पुढे गेली आणि मनोहररावांच्या फाटकाशी थांबली. सौ. म्हणाली, "तिथं काहून उभे, इकडे आणा ना." नेऊन दिला. ओवाळलं इंदुताईंनी. मला रडू आलं. धुळीने, असं सांगितलं.

१३ जून.
पाऊस लागला. लहानू आला, बांबू दाबून पाहिले आणि म्हणाला, आता ओल्यात कोणी चढत नाही, दसऱ्यानंतर पाहू. आम्ही दोघं स्वयंपाकघरात चुलीजवळ झोपतो. तिथं एकाच बाजूने गळतं.

२० जून.
काल बारसं झालं, मनोहररावांकडेच. नात्याचं ना गोत्याचं, किती दिवस त्यांच्यावर भार घालायचा? जावई श्रीधरराव आज चारूला कामठीला न्यायला आले. सव्वा महिनाही झाला नाही.
निघताना म्हणाले, "मामाजी, पाऊस उघडेपर्यंत तुम्ही अन् मामीजी बी चला."
मी ठाम नकार दिला. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नसतं, ही आपल्याकडची रीत आहे, असं स्पष्ट सांगितलं.
सौ.ने नातीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "झालं ना जी आता मूल."
ट्रंकेतून माझे शर्ट काढायला आत गेलो. तिने ते आधीच पिशवीत भरले होते.