तपासणीपुरती ब्लँकेटं

सांगली, मार्गशीर्षातला गुरुवार, १९६४. संध्याकाळ.

अजून डोकं तापलेलंच आहे. सकाळी मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून मेट्रनबाईंनी कपाटाचं कुलूप काढलं आणि कोरी लाल ब्लँकेटं प्रत्येक खाटेवर घालायला लावली. साहेब वॉर्डातून फिरले, ‘छान’ म्हणाले, गेले. त्यांची जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच बाईंचा हुकूम, ‘ब्लँकेटं काढा, घड्या करून कपाटात ठेवा.’

कडेगावच्या म्हातारीला न्यूमोनिया. कुडकुडणं थांबून नुकता कुठे तिचा डोळा लागला होता. मी म्हटलं, ‘हिचं तरी राहू द्या.’ तर सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘डाग पडला तर जबाब तू देणार? नवी आहेस, होईल सवय.’ आणि स्वतःच खसकन ओढलं! आग लागो असल्या सवयीला. ब्लँकेटं आलीत कुणासाठी, पेशंटसाठी की कपाटासाठी?

दोन जुन्या चादरी एकावर एक करून मी तिच्यावर घातल्या. म्हातारीला वाटलं, ब्लँकेट साहेबांचंच होतं, ते घेऊन गेले. मी निघाले तेव्हा माझा हात धरून विचारते, ‘आवं बाई, त्ये सायेब परत कवा येनार हायती?’