तुमच्या दंडाचा तुकडा

बाबा, आईच्या अंगावर फोड उठले तेव्हा गिरणीच्या संपाला बरेच महिने झाले होते आणि तुम्ही कुणावरही विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं. आधी तिच्या तोंडात चट्टे आले, भाकरीचा घास गिळवेना. मग छातीवर, पाठीवर पाण्याचे पातळ फोड, जरा घासलं तरी फुटणारे. मला अजून दिसतं, अंगाला कापड चिकटू नये म्हणून ती केळीच्या पानावर कुशीला पडली आहे आणि तुम्ही उशाशी बसून शेजारच्या दाराकडे बघताय. शेजारच्या वहिनींचा नवरा गुपचूप गिरणीत जायला लागला होता, तुम्ही त्याला चारचौघांत फितूर म्हणाला होतात, आणि त्यानंतरच कधीतरी वहिनींनी दिलेलं बांगड्याचं कालवण आई जेवली होती. "त्या कालवणात कायतरी होता," तुम्ही एवढंच बोललात. चाळीतल्या आमच्या मजल्याला एवढं पुरलं. वहिनी नळावर आल्या की बायका बाजूला सरकायच्या. आमच्या दारासमोरून तर त्या पदर सावरून, खाली मान घालूनच जायच्या.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आईच्या पाठीवरचा कातडीचा तुकडा घेतला, तोही फोडाचा नव्हे, फोडाच्या बाजूचा. "चांगली कातडी कशाक कापलात?" तुम्ही विचारलंत. तो तुकडा गोठवून, पातळ चकत्या करून, त्यावर रंग घालून बघतात हे बाईंनी समजावलं, तरी तुमच्या कपाळावरची आठी गेली नाही. हॉस्पिटलातही मालकांची माणसं असणार, असं तुम्ही मला जिन्यात कुजबुजत सांगितलंत. बाईंना गोळ्या लगेच सुरू करायच्या होत्या. तुम्ही अडून बसलात. "आधी माका दाखवा. मगे गोळये."

म्हणून त्यांनी तुम्हाला अंधाऱ्या खोलीत नेलं, पाठोपाठ मीही गेले. तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकलात. बाई म्हणाल्या, "हिरवी जाळी दिसते ना? कातडीच्या पेशी एकमेकींना जिथे धरून असतात, तिथेच तिचं स्वतःचं शरीर हल्ला करतंय. हल्ला आहे तिथेच हा चमकणारा रंग चिकटतो, बाकी सगळा काळोख. कुणी काही खाऊ घातल्याने हे होत नाही, मामा."

तुम्ही डोळा न उचलता म्हणालात, "रंग तुमीच घातलात. हिरवा दिसतलाच."

"मग काय केलं तर पटेल?"

तुम्ही बाही वर केलीत. "माजी कातडी घेवा. तोच रंग घाला."

नर्स हसली. बाई हसल्या नाहीत. "तुलनेला निरोगी कातडी आम्हाला लागतेच. पण गोळ्या आजपासून." तुम्ही मान हलवलीत.

पुढच्या खेपेला, दंडावर पट्टी असताना, तुम्ही पुन्हा वाकलात. "काय दिसतंय?" बाईंनी विचारलं. "काय नाय. काळोख." तुम्ही बराच वेळ तो काळोख बघत राहिलात. घरी आलात ते आपल्या दारात न थांबता शेजारी गेलात. "वहिनी, कालवण आसा?"

त्या तुमच्याकडे बघत राहिल्या, जणू यातही काही डाव असावा. "माझ्या हातचं खाणार?"

तुम्ही उंबऱ्यावर बसलात. त्यांनी ताट आणलं. त्यांचा नवरा आतून बाहेर आला नाही, आणि पुढेही तुमच्या दोघांत कधी बोलणं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी नळावर वहिनींच्या शेजारी पहिली कळशी मी लावली, तुम्हीच पाठवलंत म्हणून. आईचे फोड हळूहळू सुकले. गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं, साखर वाढली, पण ती तुमच्यामागे कितीतरी वर्षं जगली. गिरणीने तुम्हाला परत बोलावलं नाही.

आता मी हेच काम करते, बाबा, कातडीचे तुकडे रंगवण्याचं. त्यामुळे मला ठाऊक आहे की तो रंग तेव्हा परदेशातून यायचा आणि तो किती जपून वापरायचे. रंग न घातलेली काचही तितकीच काळी दिसते, हेही ठाऊक आहे. एका संशयी गिरणी कामगारासाठी बाईंनी तो खरंच वापरला, की नुसती काच दाखवली? काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात त्या माझ्या शेजारी जेवायला बसल्या, खूप थकलेल्या. "बाही वर करणारे तुझेच वडील ना?" म्हणाल्या. प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी त्यांना कोशिंबीर वाढली.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते बरंच आहे. तुम्ही वाचलं असतंत तर उठून त्यांना विचारायला गेला असतात. मला ते उत्तर नको होतं.