अब्राहमची मुलगी

जेरुसलेम,
१८ ऑक्टोबर २००९

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेली लाल बोरं, दोन्ही पोचलं. बोरं माझ्या वाट्याला मूठभरच आली. माझ्या खोलीत ब्लांका म्हणून अर्जेंटिनाची मुलगी आहे, तिने चव बघते म्हणत अर्धी पिशवी फस्त केली. वर मला सांगते, तुझ्या आत्याला म्हणावं पुढच्या खेपेला बिया काढून पाठव. आहे की नाही शहाणी!

मंडपांचा सण संपला आणि आमचं नवं सत्र सुरू झालं. या वेळी धर्मशास्त्राला झहावाबाई आहेत. अंगाने एवढ्याशा, पण प्रश्न असे विचारतात की लपायला जागा उरत नाही. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकीला घरी काय काय पाळतात ते विचारलं. मी ताठ उभी राहून सांगितलं की चीनमध्ये, कायफेंगला, आमच्या घरात डुकराचं मांस उंबऱ्याच्या आत येत नाही, बकऱ्याच्या मांडीतली शीर बाबा स्वतः काढतात, गल्लीतले लोक तर आम्हाला शिरा काढणारेच म्हणतात. मला वाटलं, जिंकले.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. आत्या, इथे वंश आईकडून धरतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून धरत आलो. आई आपल्यातली नव्हती, आजीही नव्हती. म्हणजे यांच्या लेखी मी ज्यू नाही, बाबा नाहीत, तूही नाहीस. या सत्रात मला तीन धर्मगुरूंसमोर उभं राहून ते माझ्या तोंडाने म्हणायचं आहे आणि मला तुमच्यात घ्या अशी विनंती करायची आहे. नाहीतर सत्र संपलं की घरी परत. घेतलंच, तर नवं नाव मिळेल. त्यापुढे बाबांचं नाव लागणार नाही, सगळ्यांचा मूळपुरुष म्हणून अब्राहमची मुलगी असं लागेल.

माझी झोप उडाली आहे. मला इथून जायचं नाही गं. लहानपणी बाबा अर्धवट आठवेल तेवढीच प्रार्थना म्हणायचे आणि मग गप्प व्हायचे, ती इथे मला पूर्ण ऐकायला मिळाली. पण हे बाबांना कसं सांगू? तू त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. सवडीने मीच सांगेन.

तुझी लाडकी भाची,
यिनफेंग


कायफेंग,
५ नोव्हेंबर २००९

चि. यिनफेंग हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाकिटावर माझं नाव चांगलं ठळक घातलंस, पण परदेशी तिकीट दिसलं की या घरात नाव कोण बघतंय! तुझ्या बापाने पोस्टमनच्या हातातून पाकीट घेतलं आणि दारातच फोडलं. मी आत पीठ मळत होते. बराच वेळ चाहूल नाही म्हणून बाहेर आले, तर हा पायरीवर बसलेला, पत्र मांडीवर.

मी हिला परक्याच्या दारात त्याची मुलगी व्हायला पाठवलं का, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, अरे, कायद्याचं काहीतरी असेल. तर म्हणाला, कायदा आपण पाळत होतो तेव्हा बघायला कोणी आलं नव्हतं.

जेवतोय, तेवढी काळजी करू नकोस. पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायला उठला नाही. मी काडी ओढली तर म्हणाला, राहू दे ताई, आपण कुठे त्यांच्यातले. मला विचारशील तर या वयात कोणी ज्यू म्हटलं काय नि न म्हटलं काय, गुडघे दुखायचे थांबत नाहीत. तुझ्या बापाचं तसं नाही. त्याने जन्मभर दुसरं काही मिरवलंच नाही.

त्याला लिही. फोन नको, फोनवर तुम्ही दोघं नुसतं हवापाण्याचं बोलता.

तुझी,
आत्या


जेरुसलेम,
२२ नोव्हेंबर २००९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला चोरून आत्याला लिहिलं, कारण मला तुमचीच भीती वाटत होती. आता काही लपवत नाही.

गेल्या मंगळवारी त्या तिघांसमोर गेले. माणसं वाईट नव्हती. एकाने उठून मला पाणी दिलं. त्यांनी विचारलेलं सगळं मला आलं. शेवटी मधल्यांनी सांगितलं, आता म्हण, मी ज्यू नाही, मला व्हायचं आहे. मी तोंड उघडलं आणि तुम्ही डोळ्यांपुढे उभे राहिलात. रडूच फुटलं. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात ये, पण तेव्हाही जमलं नाही तर आमचा इलाज नाही.

झहावाबाई बाहेर थांबल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की या मार्गाने आत येणारी व्यक्ती कायद्याने नवजात असते, तिला मागचं नातं उरत नाही. मी विचारलं, बाप गेला तर सुतकसुद्धा नाही? धरायची सक्ती नाही, म्हणाल्या. हे तुम्हाला लिहायला नको वाटत होतं, पण लिहिलं.

तुम्ही परत ये म्हणालात तर मी येते. मनापासून म्हणते आहे.

आपली आज्ञाधारक,
यिनफेंग


कायफेंग,
९ डिसेंबर २००९

चि. यिन हिस,
आशीर्वाद.

परत ये, असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. टपालपेटीपर्यंत गेलो आणि तसाच घरी आलो.

मुलीला शिकायला पाठवलंय असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं तर तिकडच्या कोणीतरी एकदा म्हणावं, कायफेंगचं गाओ घराणं आमचंच, एवढं मला ऐकायचं होतं. काम माझं आणि बोजा तुझ्या डोक्यावर दिला. ते काही झालं नाही. आता व्हायचंही नाही. राग आहे, तो इतक्यात जाणार नाही. पण त्या रागापायी तू शिक्षण सोडून इथे माझ्याशेजारी तोंड पाडून बसावंस, हे मला चालणार नाही.

तेव्हा जे म्हणायचं ते म्हणून टाक. रडायचं नाही. अब्राहमचं नाव लागलं तर लागू दे, माणूस काही वाईट नव्हता. फक्त त्या दिवसाचं पत्र मला लिहू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

आत्या बोरं पाठवते आहे, बियांसकट. त्या अर्जेंटिनावालीला म्हणावं, दात आहेत ना?

तुझा,
बाबा


जेरुसलेम,
२७ डिसेंबर २००९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

त्या दिवसाचं पत्र लिहू नकोस म्हणालात, म्हणून आदल्या दिवशी लिहिते आहे. उद्या सकाळी जाणार. आधी त्या तिघांसमोर म्हणायचं आणि मग कुंडात डोक्यावरून पाणी जाईपर्यंत बुडी मारायची. ब्लांका टॉवेल घेऊन येणार आहे. म्हणते, नव्या बाळाला दुपट्यात घ्यायला कोणीतरी नको का? मी हसले आणि मग जेवण गेलं नाही.

आज झहावाबाईंना पुन्हा विचारलं, सक्ती नाही हे खरं, पण बापाचं सुतक धरलं तर कोणी अडवेल का? त्या म्हणाल्या, अडवणार कोणी नाही आणि सांगणारही कोणी नाही. तेव्हा बाबा, यापुढे मी तुमचं जे काही करीन ते कोणी सांगितलं म्हणून करणार नाही. एवढं लक्षात ठेवा.

नवं नाव ठरलं आहे. ते तुम्हाला कळवत नाही. तुम्ही यिन म्हणूनच लिहा.

शेवटी काय लिहावं ते मघापासून सुचत नाही. लोभ असावा, असं बापाला कोणी लिहीत नाही. बापाचा लोभ मागावा लागत नाही, तो परक्यांकडे मागायचा. पण उद्यापासून कागदावर आपण परके. म्हणून बाबा, आज मागते.

लोभ असावा.

यिन