काळी वस्त्रं चढण्याआधी

काराकोल,
उपवासाचा पहिला बुधवार

प्रिय झाखार,

हे पत्र मिनिबसवाल्या तेमिरबेकच्या हाती देतोय. पोस्टावर माझा विश्वास नाही, हे तुला ठाऊकच आहे. शनिवारी तू कायमचा रशियात, ओम्स्कला निघतोस, आणि आता पुन्हा इकडे यायचा नाहीस असं बिश्केकच्या मावशीकडून कळलं.

रविवारचं लिहायचं तर आधी माझी बाजू मांडतो. क्षमेच्या रविवारी आपण चर्चमध्ये क्षमा मागत एकमेकांपुढे गुडघे टेकतो, ते संध्याप्रार्थनेच्या शेवटी. मधेच पाद्री काळी वस्त्रं चढवतात, तिथून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास लागतो. त्याआधी रविवारच असतो, आणि रविवारी जमिनीला डोकं लावायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. लोकांच्या घरी ऊब द्यायच्या भट्ट्या बांधता बांधता, जुनी पोथी अक्षर अक्षर लावून मी शिकलो.

तर नियम बरोबरच होता. मी चर्चमध्ये प्रार्थना वाचत होतो, तू बर्फाने माखलेल्या बुटांनी थेट माझ्या वाचनाच्या मेजापाशी आलास आणि डोकं टेकलंस. "दादा, क्षमा कर. आईच्या मातीला आलो नाही." मी पोथीतून मान वर न करता म्हणालो, "ऊठ. अजून वेळ झाली नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. गोठलेल्या जमिनीत आईची कबर मी एकट्याने खणली, तो सगळा राग नियमाच्या तोंडून बोलता आला. तू टोपी उचलून निघून गेलास. लगेच प्रार्थनेतली पुढची ओळ मला गायची होती: देवा, आमच्याकडे पाठ फिरवू नकोस. गायली. एक सूर चुकला नाही. त्याचीच आता लाज वाटते.

मग पाद्रींनी वस्त्रं बदलली, एकमेकांची क्षमा मागायची रांग लागली. उस्तिन्या आजी माझ्यासमोर आली ती वाकेचना. "देवाचं घड्याळ तुझ्या खिशात असतं होय रे, लावर? बघून सांग बाबा, आमची वेळ झाली का!" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग माझे दोन्ही कान धरून तिने कपाळाचा मुका घेतला. "देव क्षमा करील. मीही करते, पण नाइलाजानं."

घरी तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी लोण्यातली धिरडी चुलीवर झाकून ठेवली होती. आपल्या उपवासाला लोणी चालत नाही; तो लागला की ती कुत्र्याला घालायची, हाही नियमच. ती म्हणाली, "टाका तुम्हीच. माझा हात उचलत नाही." माझाही उचलेना. कारण एक गोष्ट मी तुला कधी कळवलीच नव्हती. आई शेवटी एवढंच म्हणाली होती, "झाखार आला की आधी जेवायला वाढ, मग काय ते बोल."

तुला क्षमा केली हे सांगायला हे पत्र नाही. ती तू वाकलास तेव्हाच वर झाली असणार; मधे मी आडवा उभा होतो. शुक्रवारी मी तेमिरबेकच्या गाडीने बिश्केकला, मावशीच्या घरी तुझ्याकडे येतोय. दार तूच उघड. आधी मी गुडघे टेकीन. वेळ झाली नाही असं वाटलं तर तसं सांग, मी जिन्यात थांबेन. पण डबा तेवढा आत घे. वहिनी नवी धिरडी करतेय, भर उपवासात, लोणी घालून. मी तिला काही बोललो नाही. आधी तू जेव.

तुझाच,
ज्याला तू अजूनही दादा म्हणालास तो,
लावर